बाळ कुणावर गेलं

चार वर्षं ती प्रयोगशाळेत उंदरांच्या न जन्मलेल्या पिल्लांचं स्वादुपिंड तपासत होती. रक्तातली साखर ओळखणारं ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम तिथल्या पेशींत जन्माआधी नेमकं कधी कामाला लागतं, हा तिचा विषय. जेवतानाही तेच पुराण. नवरा सुतार, तो त्या एन्झाइमला ‘आमचे मेहुणे’ म्हणायचा.

मग तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात तिच्याच रक्तात साखर जास्त निघाली. फार नाही, जराशीच.

“घरात कुणाला आहे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“बाबांना. तीस वर्षं अशीच जराशी. वाढतही नाही, उतरतही...” बोलता बोलता ती थांबली.

जनुकांची तपासणी झाली. ग्लुकोकायनेजच्या जनुकाची एक प्रत सदोष होती. तिचीही, बाबांचीही. अशांची साखर जन्मभर जराशी चढलेली राहते, पण अपाय करत नाही.

“उंदरांच्या पोटात शिरलीस, बापाकडे बघायला फुरसत नाही!” बाबा फोनवर खो खो हसले. “अगं, तीस वर्षं तुझ्या आईनं मला उगाच बिनसाखरेचा चहा पाजलाय.”

“मग आता सांगा तिला.”

“सांगितलं. म्हणते, सवय झालीये ना, राहू दे.”

प्रश्न बाळाचा होता. ती सदोष प्रत बाळाकडे गेली असेल, तर आईची साखर त्याला नेहमीसारखीच वाटणार. औषधाची गरज नाही. गेली नसेल, तर ते जास्त इन्शुलिन बनवून अंगानं वाढत सुटणार.

सोनोग्राफीत बाळाच्या पोटाचा घेर वयापेक्षा दोन आठवडे पुढे निघाला.

“आईवर गेलेलं दिसत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

नवऱ्यानं कॉलर ताठ केली. “माझ्यावर गेलंय. हुशार आहे.”

“हुशार कसलं, खादाड आहे!” ती म्हणाली खरी, पण तिचे डोळे पडद्यावरून हलेनात. तिथे आत कुणीतरी तिचीच साखर मोजत होतं.

इन्शुलिन सुरू झालं. पटाशी चालवणारा नवरा पहिल्या सुईलाच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आजवर तिनं फक्त उंदरांना टोचलं होतं. आता स्वतःलाच टोचून घेतलं.

मुलगी झाली, पावणेचार किलोची. पहिल्या तासात त्या जास्तीच्या इन्शुलिननं बाळाची साखर थोडी उतरली आणि हिचा जीव टांगणीला लागला. दूध पाजलं, पुन्हा टाचेतून थेंबभर रक्त घेतलं.

“छान चढली,” सिस्टर म्हणाल्या. “आता तुम्ही पडा जरा.”

नवरा खुर्चीत केव्हाच घोरायला लागला होता.