पत्रकातला पेशकार

पौष लागला की कल्याणराव मास्तरांच्या घरी ताटातली भाकरी निवायची आणि मास्तर मात्र कागदांतून डोकं वर काढायचे नाहीत. कारण एकच, वार्षिक पत्रक! परभणी जिल्ह्यातल्या लिंगायत समाजातून हैदराबादच्या विद्यापीठात जाऊन पदवीधर झालेले सगळे मिळून चौतीस जण. कुणाला नोकरी लागली, कुणाची बदली झाली, कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या घरी पाळणा हलला, ही खबर मास्तर पत्रं पाठवून गोळा करायचे आणि शिळाप्रेसवर छापून घरोघर धाडायचे. एका बाबतीत मात्र त्यांचा हात जरा सैल होता. कारकुनाला ते 'अधिकारी' लिहीत आणि वकिलीत दोनदा नापास झालेल्याला 'कायद्याचे अभ्यासक'. आपल्या माणसाचं चारचौघांत बरं दिसलं तर काय बिघडलं, असं ते म्हणत. तुम्ही-आम्ही तरी दुसरं काय म्हणतो?

१९४१ सालच्या पत्रकात पाथरीच्या महालिंगाची खबर होती. हा हैदराबादच्या वसतिगृहात मास्तरांच्या मागून आलेला, त्यांना धाकट्या भावासारखा. बी. ए. होऊन तीन वर्षं झाली, पण तहसील कचेरीत पेशकाराच्या, म्हणजे तहसीलदाराखालच्या अंमलदाराच्या, हाताखाली अजून उमेदवारच होता. उमेदवार म्हणजे जागा रिकामी होईपर्यंत बिनपगारी राबणारा माणूस. सकाळी तो वडिलांच्या भुसार दुकानात बसे आणि दहा वाजले की शेरवानी चढवून कचेरी गाठे. मास्तरांनी छापलं, 'श्री. महालिंग, बी. ए., पेशकार, पाथरी.' 'उमेदवार' हा शब्द त्यांनी प्रेमापोटी गाळून टाकला.

फाल्गुनात ताडकळसचे कापडदुकानदार सांबप्पा पेढे घेऊन दारात हजर झाले.

"मास्तर, लय उपकार झाले तुमचे! आमच्या मल्लम्माचं जमलं. पाथरीचे महालिंग! सेलूचं दुकानदाराचं स्थळ आलतं, त्यांना न्हाई म्हणून कळवलं बघा. आता पेशकार जावाई मिळायलाय!"

"चौकशी केलीत ना, आप्पा?" मास्तरांनी चाचरत विचारलं.

"चौकशी कशाला? तुमी छापलंय की!"

मास्तरांनी हातातला पेढा तसाच खाली ठेवला. त्या दिवसापासून त्यांच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. वर्गात फळ्यावर गणित मांडलं तर उत्तर चुके. सांबप्पांना पत्र लिहायला बसत आणि दोन ओळी झाल्या की फाडून टाकत. शेवटी त्यांनी महालिंगालाच बोलावून घेतलं. तो आला आणि हात जोडून उभा राहिला.

"दादा, तुमी फकस्त गप बसा. पेशकारसाहेब वैशाखात पेन्शनीत जायलेत. जागा मलाच मिळणार."

"आणि नाही मिळाली तर?"



हे सगळं मास्तरांची बायको शांतम्मा भाकरी थापता थापता ऐकत होती. ती बाहेर आली. "अहो, ह्याची अब्रू तुमाला दिसायलीय, मग त्या पोरीचा जलम कसा दिसत न्हाई?"

"अगं, मी काय वाईट हेतूनं लिहिलं का?"

"हेतू तुमचा तुमच्यापाशी ऱ्हायला. तिच्या दारात गेलं ते छापलेलं. आन् दुकानात बसणं ही काय चोरी हाय? गळ्यात लिंग बांधता, भजनात कायक, कायक, काम हीच पूजा म्हणून डोलता, आन् दुकानातल्या पोराला पेशकार करून छापता! आपल्या बसवण्णांनी हेच शिकवलं का?"

मास्तर चपापले. अगदी वर्मावरच बोट ठेवलं होतं तिनं! श्रमाची महती गाणाऱ्या घरात जन्मून आपण श्रमालाच झाकून ठेवलं, हे त्यांना त्या क्षणी लख्ख दिसलं आणि स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी छकडा जोडून ते महालिंगाला घेऊन ताडकळसला निघाले. वाटेत महालिंग दोनदा उतरून परत जायला निघाला आणि दोन्ही वेळा मास्तरांनी त्याला हाताला धरून बसवलं. सांबप्पांच्या बैठकीत पोचल्यावर मास्तरांनी सगळं सांगून टाकलं. चूक आपली आहे, हे आधी सांगितलं.

सांबप्पा ताडकन उठले. "छापलेलं खोटं? आता सेलूवाल्यांना मी कोणतं तोंड दाखवू? पोरीचं वाटोळं करायला निघालतात तुमी!"

तेवढ्यात आतलं दार उघडून मल्लम्मा बाहेर आली. बापाच्या देखत पाहुण्यांशी बोलायची त्या घरात रीत नव्हती. पण जन्म तिचा होता. तिनं सरळ महालिंगाला विचारलं, "दुकानात तुमी काय करता?"

"ज्वारी... तूर..." तो पुटपुटला. मग थोडा सावरला. "सकाळी खेड्यापाड्यातले लोक येतात. कचेरीचे कागद सगळे उर्दूत. नोटीस आली तर त्यांना घाम फुटतो. मी वाचून दाखवतो, अर्ज लिहून देतो. मागच्या साली एकाची जमीन वाचली."

"किती लोक येतात?"

"धा-पंधरा. बाजारच्या दिवशी जास्ती."

मल्लम्मा मास्तरांकडे वळली. "मग मास्तर, हे का न्हाई छापलं?"

चौतीस जणांची खबर देणाऱ्या त्या पत्रकात एवढी एकच खबर छापण्यासारखी होती आणि तीच नेमकी राहून गेली होती. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आप्पा," मल्लम्मा बापाला म्हणाली, "लग्न पुढं ढकला. आधी ह्यांनी आपल्या गावात उजळ माथ्यानं सांगावं, मी दुकानात बसतो म्हणून. मग मी हो म्हणते का न्हाई, ते कळवीन."

सोमवारी महालिंग शेरवानी न घालता दुकानात बसला. दहा वाजले, अकरा वाजले, तो उठला नाही. कचेरीतला शिपाई बोलवायला आला, तेव्हा बाजार भरला होता. भर बाजारात तो म्हणाला, "जाऊन सांगा, मी उमेदवार होतो, पेशकार नव्हतो. आता उमेदवारबी न्हाई. हे माझं दुकान हाय!" मल्लम्माचा होकार पंधरा दिवसांनी आला.

बंधुभगिनींनो, आपल्या मुलाची खबर आपणही अशीच सजवून सांगतो. त्याच्या हातून होणारं खरं काम मोठ्यानं सांगायला आपण शिकलो, तर त्याला खोट्या खुर्चीत बसवायची गरज कुणालाच पडणार नाही.