पाईपवरचा जोर

सिराज शेठची मॉरिस मायनर त्यांच्या वडिलांच्या वेळची. भिवंडीतल्या लूमवाल्यांच्या दारात नव्या मारुती उभ्या राहू लागल्या, तरी शेठनं ती विकली नाही. तीन बहिणींची पाठवणी याच गाडीतून झाली होती आणि आता मुलीची, जाहिदाची, व्हायची होती.

गाडीवर ड्रायव्हर होता चिंतू. मानकोलीच्या मागच्या पाड्यावरचा हा पहिलाच माणूस, ज्याच्या खिशात मोटारीची किल्ली असे. बाकीचे गवत कापायला नाहीतर दुसऱ्याच्या शेतावर जात; चिंतू इस्त्रीचा शर्ट घालून निघे आणि म्हातारी माणसंसुद्धा त्याला ‘डायवर’ म्हणून हाक मारत. त्या एका हाकेसाठी तो काय वाटेल ते सोसायला तयार होता, आणि सोसायचं होतं ते सिराज शेठचं पाईपवरचं प्रेम.

शेठ तरुणपणी वडिलांच्या कारखान्यात स्वतः जॉबर होते, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग, लूम, ताळ्यावर आणणारे. लूम दिवसरात्र थडथडतं, आज कसलेला नट उद्या ढिला. म्हणून कारखान्यात हात बसलेल्या माणसाचा धर्म एकच. पान्याच्या दांड्यावर लांब पाईप चढवायचा, त्याला लटकायचं, आणि नट किंचाळला की आणखी एकदा लटकायचं. हाच धर्म शेठ मोटारीच्या चाकालाही लावत. मोटार म्हणजे लूम नव्हे हे त्यांना कोण सांगणार? पगार ते देत होते.

चिंतू शिकला होता ठाण्याच्या अनंता मिस्त्रीकडे. मिस्त्रीची रीत अगदी साधी. चारही नट आधी बोटांनी फिरवायचे, मग पान्यानं हलकेच आवळायचे; एक झाला की शेजारचा नाही, समोरचा. जॅक काढून चाक जमिनीला टेकलं की त्याच क्रमानं शेवटचा हात फिरवायचा, तोही नुसत्या पान्याचा. वीसेक किलोमीटर गाडी पळवली की पुन्हा तपासायचं. या रीतीत वाईट एवढंच होतं की तिला ना घाम येई ना आवाज. आणि घाम न गाळता झालेल्या कामावर भिवंडीत कुणाचा विश्वास बसत नाही.

चिंतूनं चाक बसवलं की शेठ ओट्यावरून उतरत, “हाताला जोर हाय का न्हाय रे?” म्हणून पाईप मागत आणि स्वतः लटकत. दोन वर्षांत असे तीन बोल्ट तुटले. तिन्ही वेळा शेठनं बोल्ट बनवणाऱ्याचा उद्धार केला आणि तिन्ही वेळा चिंतूनं कुर्ल्याच्या भंगारबाजारातून जुना बोल्ट शोधून आणला. तिसऱ्या खेपेला दुकानदारानं हात जोडले. या गाडीचं सामान आता संपलं, म्हणाला.

आणि निकाहच्या आदल्या दिवशी डावीकडचं मागचं चाक पंक्चर झालं.

शेठनं त्या दिवशी स्पष्टच सांगितलं. उद्या जाहिदाला घेऊन गाडी कशेळीच्या पुलापलीकडे, ठाण्याला सासरच्या दारात पोचली पाहिजे. वाटेत चाकाचं काही झालं तर चिंतूनं पाड्यावर जाऊन गवत कापावं. चिंतूनं हिशोब मांडला. मिस्त्रीच्या रीतीनं कसलं तर शेठ पाईप घेऊन येणार. शेठनं पाईप घेतला तर बोल्ट जाणार. बोल्ट गेला तर चिंतू जाणार.

त्यानं पंक्चर काढून आणलं आणि शेठ जेवायला बसलेले असताना चाक रीतसर बसवून टाकलं. मग चाकाजवळ एक दगड सरकवला, पान्यावर पाईप चढवला आणि पाईपचं टोक त्या दगडावर टेकवलं. आता वर हत्ती जरी बसला तरी सगळा भार दगडावर, नटाला पत्ता नाही. शेठ हात पुसत बाहेर आले तेव्हा चिंतू पाठमोरा होता आणि पाईपवर पोट टाकून बाळंतिणीसारखा कण्हत होता. चारही नटांना त्यानं हा मान दिला. कपाळावर घाम आणला, मधेच पाय घसरल्याचं दाखवलं, शेवटी जमिनीवर बसून धापा टाकल्या.

शेठ हरखले. त्यांनी पाईपला हातसुद्धा लावला नाही.

पाठवणी झोकात झाली. नवरी वेळेवर पोचली, गाडी कुरकुरलीसुद्धा नाही. परत आल्यावर चिंतूनं गुपचूप नट तपासले, सगळे जागच्या जागी होते. शेठ मात्र आल्यागेल्याला सांगत सुटले, की पोरगा दोन वर्षं नुसता हात फिरवायचा, मी शिकवलं तेव्हा कुठे कसायला लागला. चिंतूला शर्टाचं कापड मिळालं. आपण जिंकलो, असं त्याला चार दिवस वाटलं.

पाचव्या दिवशी शेठनं त्याला बोलावलं. एवढी ताकद गाडीवर वाया घालवायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. चिंतूनं सोमवारपासून लूमवर, मुख्तार जॉबरच्या हाताखाली यावं. पगार दीडशेनं जास्त. किल्ली ठेवून जावी, गाडी आता ते स्वतःच चालवतील.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, तो असा. चिंतूनं पहिल्यांदा खरं बोलायचं ठरवलं.

“शेठ, मी जोर लावलाच न्हाय. पाईप दगडावर टेकवला होता. सगला जोर जमिनीत गेला.”

शेठ पोट धरून हसले. “वा रे वा. आणि नट काय दगडानं कसले?”

“ते मी आधीच कसलं होतं. हलक्या हातानं.”

“हलक्या हातानं,” शेठ म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला. चिंतूनं किल्ली दिली.

दोन महिन्यांत मॉरिसचे आणखी दोन बोल्ट गेले आणि ती विटांवर चढली. चिंतूनं ते फाटकातून येताजाता पाहिलं. पाड्यावर त्याला आता नावानं हाक मारत, पगार वाढला होता तरीही.

कारखान्यात मुख्तारनं त्याला एका लूमचा नट कसायला दिला. चिंतूनं तो मिस्त्रीच्या रीतीनं, हाताला कळेपर्यंत, नेमका कसला. अर्ध्या तासात थडथडून तो ढिला झाला, आडवा धागा नेणारा धोटा उडाला आणि ताण्याचे पन्नासेक उभे धागे तुटले. मुख्तार शांतपणे म्हणाला की हे लूम आहे, इथे पाईप लागतो. त्याचं म्हणणं बरोबर होतं, हेच चिंतूला जास्त लागलं.

त्यानं पाईप घेतला. या खेपेला खाली दगड नव्हता. हातापायाची सगळी ताकद त्यानं पाईपवर घातली; ओठ घट्ट मिटलेले, तोंडातून आवाज नाही, कारण कण्हायला दमच उरला नव्हता. सिराज शेठ मागे येऊन उभे होते. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि नाराजीनं मान हलवली.

“असं नुसतं रेलून काय होतंय, चिंतू? गाडीला लावायचास तसा जोर लाव.”