पैलवानाची शिकवणी

हो, मीच बोलतोय. इकडेतिकडे काय बघताय? चपलेशेजारी जे पांढरं-पिवळं काहीतरी दिसतंय ना, ती दुसरी चप्पल नाही, मी आहे. आमच्या जातीत मोठे झाले तरी सगळे एवढेच राहतात. नाव मात्र माझं पैलवान!

आईचं दूध सुटल्यावर काकूंनी मला घरी आणलं. काकू घरीच शिवणकाम करतात. काका शहरात बस चालवतात आणि रहदारीत लागणारा आवाज घरीही तसाच वापरतात. त्यांनी साधं पाणी मागितलं तरी शेजारचे दचकतात.

मला शिकवायचं काम काकांनी अंगावर घेतलं. पहिल्याच दिवशी समोर उभे राहून ते गरजले, "बस!"

मी बसलो नाही. उभ्या उभ्या त्यांचा पाय ओला केला.

"अहो, ते पिल्लू आहे, प्रवासी नाही," काकू मशीनवरून म्हणाल्या.

मग रोज शिकवणी आणि रोज फजिती. माझ्या शी-शूसाठी अंथरलेला कागद मी चावून खाल्ला आणि पुढचं काम गिऱ्हाइकाच्या नव्या कोटावर उरकलं. गळ्यात पट्टा अडकवला की मी फरशीवर आडवा. आरशातल्या कुत्र्यावर तर अख्खी दुपार भुंकलो. तो जागचा हलला नाही. घसा माझाच बसला.

"जमत नसेल तर परत देऊन टाकू याला," काका एकदा वैतागून म्हणाले. काकूंनी मशीन थांबवलं.

दुसऱ्याच दिवशी काका जेवायला बसले असताना काकूंच्या टेबलावरून टाचण्या खोचायची उशी खाली पडली. लाल, गुबगुबीत. मला वाटलं, शिकार! ती तोंडात धरून मी थेट पलंगाखाली.

"सोड!" काकांनी आरोळी ठोकली. घाबरून मी जबडा आणखीच आवळला. एक टाचणी टाळूला टोचली, तरी सोडेना. पैलवान ना मी!

"ओरडू नका हो, गिळेल तो!" काकूंना रडू फुटलं.

ताटातला उकडलेल्या अंड्याचा तुकडा उचलून काका गणवेशासकट फरशीवर पालथे झाले. त्यांचं तोंड पहिल्यांदाच माझ्या तोंडासमोर आलं. कपाळावर घाम होता.

"सोड रे बाळा," ते अगदी हळू म्हणाले. "सोड."

मी सोडली. लोक म्हणतात, केवढं समजूतदार पिल्लू! खरं सांगतो, समज वगैरे काही नव्हती. तोंड एकच होतं आणि समोर अंडं होतं.

काकांनी मला छातीशी धरलं. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "असा आवाज होता होय तुमच्याकडे? इतकी वर्षं कुठे ठेवला होतात?"

काकांना फरशीवरून उठता येईना. शेवटी काकूंनीच हात दिला.

परत द्यायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. आता 'बस' म्हटलं की मी बसतो, बहुतेक वेळा. 'ये' म्हटलं की येतो, वाटेत मांजर नसेल तर.

तुमच्या घरी माझ्याएवढं कोणी आलं, तर शिकवायच्या आधी जरा त्याच्याजवळ फरशीवर बसा. उंचावरून बोललेलं सगळं आम्हाला गडगडाटासारखंच ऐकू येतं. आणि हो, येताना रिकाम्या हातांनी येऊ नका.