नागुबाईचा पेला

मित्रांनो, मी एक जुनी चिनी मातीची बरणी आहे आणि मी रागावलेली आहे. म्हातारपणी रागावू नये म्हणतात. म्हणू देत.

अहमदपूरच्या श्रीपाद वैद्यांनी मला द्राक्षासवासाठी आणले. काळ्या मनुका, गूळ आणि धायटीची फुले माझ्या पोटात आंबवायची आणि मग ते गोड आसव वर्षानुवर्षे मुरवायचे, यात त्यांचा हातखंडा होता. पण बहात्तर साली दुष्काळ पडला आणि गावातले आड आटले. पाणी उरले ते फक्त बौद्ध वस्तीच्या बारवेत, कडुलिंबाच्या झाडाखाली. एरवी त्या पाण्याकडे न बघणारे वैद्य वस्तीतल्या नागुबाईला म्हणाले, "चार हंडे आणून दे. आसव मुरलं की पहिला पेला तुझा."

घरच्या घागरी अर्ध्या ठेवून नागुबाईने चार हंडे आणले.

पुढे वैद्य रोज मला कान लावून आतली खदखद ऐकत. ती थांबली तेव्हा त्यांनी पेटती काडी आत धरली. काडी विझली नाही, म्हणजे आसव तयार. मग माझे तोंड मातीने लिंपले. दहा वर्षे मी ते आसव जिवापाड सांभाळले.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला. गावभर पेढे वाटले गेले. त्या आनंदात वैद्यांनी प्रतिष्ठित मंडळींना बोलावले आणि माझे लिंपण फोडले. मंडळींनी पेले उन्हात धरून रंग पाहिला, वास घेतला, घोट जिभेवर घोळवला. त्यांतले एक वकील म्हणाले, "गोडी तर आहेच, पण शेवटी किंचित कडवट लागतं ना, तीच खरी गंमत! काय घातलंत?"

"घराण्याचं गुपित आहे," वैद्य हसून म्हणाले.

गुपित कसले डोंबलाचे! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. मंडळींनी पुन्हा पुन्हा मागून घेतले. तळाशी पेलाभरच उरले, तेव्हा नागुबाई अंगणात येऊन उभी राहिली.

"वैद्यबुवा, मुरलं म्हनं."

वैद्यांनी पेल्याला हात लावला नाही. मलाच उचलून म्हणाले, "ओंजळ धर, वरून ओततो."

नागुबाईने हात पुढे केले नाहीत. उभ्या उभ्याच तिने वास घेतला. "लिंबोळीचा वास हाय. आमच्या बारवेचंच पानी हाय ह्ये. दुष्काळात माझा हंडा चालला, आन् आता माझ्या हातात पेला चालंना व्हय? ऱ्हाऊ द्या."

ती निघून गेली. वकिलांनी पेला खाली ठेवला.

वैद्यांनी तो शेवटचा पेला स्वतःही प्यायला नाही आणि तिच्या घरीही नेला नाही; माझे तोंड पुन्हा लिंपून टाकले. लाज वाटली म्हणे. नुसत्या लाजेने काय होते? वस्ती चार पावलांवर होती.

आता वैद्य नाहीत. मी माळ्यावर आहे, आणि तळाशी ते पेलाभर आसव आहे. मित्रांनो, मला धुऊन पुसू नका, माझी फुलदाणी तर मुळीच करू नका. नागुबाई थकली आहे, पण अजून आहे. घरात तुम्ही ज्यातून पिता, तोच पेला घ्या आणि तिच्या दारी जा. इतरांनी कितीही वाखाणले असो, तिने चाखून "मुरलं" म्हटले, तरच मी मानेन.