मी चाललो नव्हतो

मी न्हावऱ्याच्या शिवारातला हद्दीचा दगड. मला तोंड नाही, पण आज सांगितल्यावाचून राहवत नाही. इतकी वर्षं बांधावर उभा आहे. वीज पडून शेजारची बाभळ उभी चिरलेली मी पाहिली. पण एका माणसाच्या आत जे घडलं, त्याच्याएवढं मोठं काही पाहिलं नाही.

घोड नदीच्या काठच्या काळ्या खडकातून मला फोडून काढलं. दोन शेजाऱ्यांनी एकाच बैलगाडीत घालून मला आणलं आणि दोघांच्या शेतांमधल्या बांधावर रोवलं. त्यांच्यात कधी शब्दाला शब्द लागला नाही. पुढं दोघंही गेले. एकाच्या रानात त्याची सून तुळजाबाई कांदा करू लागली. तिचा नवरा लवकर वारला, लेक अनुपमा दौंडकडं खुटबावला दिलेली. बाई एकटीच राबायची. दुसऱ्याच्या रानात त्याचा मुलगा हौसराव ऊस करायचा.

हौसराव ख्रिस्ती. शिरूरच्या मंडळीतला वडील, म्हणजे चर्चचा पुढारी, म्हणून त्याला मान होता; उपासनेत प्रभुभोजनाची पवित्र भाकर तो वाटायचा. रविवारी पांढरा सदरा घालून, बायकोला, साखरबाईला, मोटारसायकलवर मागं बसवून उपासनेला जायचा. माझ्यावर बसून भाकरी खायचा, पण आधी डोळे मिटून देवाचे आभार मानायचा. तो वाईट माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो.

सुरुवात नजरेनं झाली. त्याच्या उसाच्या कडेला ट्रॅक्टर वळायला जागा कमी पडायची. एका सकाळी तो माझ्याकडं बघत नुसता थबकला. दुसऱ्या सकाळी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुटपुटला, "ह्यो तीन हात तिकडं असता, तर..." तो विचार त्यानं तिथंच हाकलला असता, तर माझ्याकडं सांगायला काही उरलं नसतं. पण त्यानं तो महिनाभर पोसला. मग यात्रेच्या दिवशी, सारं गाव बैलांच्या शर्यतीला गेलेलं असताना, भर दुपारी तो पहार घेऊन आला.

तुळजाबाईच्या रानात तीन हात आत त्यानं मला रोवलं. बुडाशी जुनं गवतसुद्धा लावलं.

दुसऱ्या दिवशी बाईनं ओळखलं. चार माणसांदेखत म्हणाली, "भावजी, दगड हलला. माझा कांद्याचा वाफा गेला की."

हौसराव हसला. "वहिनी, दगड काय चालतो व्हय?"

सगळे हसले. ते हसू दुकानापर्यंत गेलं, एसटीच्या थांब्यापर्यंत गेलं. "काय तुळजाबाई, दगड कुठवर आला?" असं कुणीही विचारायचं. बाई सरकारी मोजणी आणायची म्हणाली, तर अनुपमानंच तिला थांबवलं. "आई, तुला हल्ली आठवत न्हाई गं." लेकीनं तिला शिरूरच्या डॉक्टरकडं नेलं. विसरभोळेपणाच्या गोळ्या सुरू झाल्या. मग बाई वाफ्यात पाणी सोडून दोनदा परत यायची, मोटर चालू केली का बघायला. तिचा स्वतःवरचा भरवसाच उडाला.

तीन वर्षं गेली. एका सकाळी ती बांधाबांधानं चाचपडत आली.

"भावजी, तुम्ही देवाची मानसं. खरं सांगा. मला येड लागलंय का?"

हौसरावचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "वय झालं की व्हतं असं, वहिनी."

बाईनं मान हलवली. "बरं झालं सांगितलं," म्हणून गेली. हौसरावचा हात माझ्या माथ्यावर होता. उन्हात असून गार पडला होता.

त्या रविवारी तो उपासनेहून लवकर परतला आणि मोटारसायकल रस्त्यावर टाकून सरळ रानात आला. साखरबाई मागून धावत होती. "भर मंडळीत ताट खाली ठिवून निघाला तुम्ही? प्रभुभोजनाची भाकर वाटायची सोडून?" तो पांढऱ्या सदऱ्यानिशी माझ्यासमोर ढेकळात गुडघ्यांवर पडला.

"बापा, मी नुसतं रान न्हाई चोरलं. मी त्या बाईचं डोकं चोरलं. मला धू."

आभाळ कोसळेल असं मला वाटलं. काही कोसळलं नाही. उसाची पानं हलली. साखरबाईला सगळं कळलं. तीही शेजारी गुडघे टेकून रडू लागली. देव तिथं होता का, हे दगडानं कसं सांगावं? पण इतकी शांतता या शिवारात मी कधी ऐकली नव्हती.

मग तो उठला. तुळजाबाईला बोलावलं, आणि जी माणसं पहिल्यांदा हसली होती त्यांनाही.

"दगड चालला न्हाई," तो म्हणाला. "मी चालवला."

त्यानं माझी जुनी जागा खणली. तळातून कोळसे निघाले. कोळसा कुजत नाही, म्हणून जुनी माणसं हद्दीच्या दगडाखाली खूण म्हणून तो पुरत. तेव्हा हसलेल्यांतल्या मच्छिंद्र आबांनी डोक्यावरची टोपी काढली.

तुळजाबाईनं एक कोळसा हातात घेतला. "म्हंजी मी शहाणी व्हते," ती म्हणाली. मग कोळशावरची माती पुसत बोलली, "भावजी, रान गेलं तर गेलं असतं. माझं डोकं ठिकाणावर हाय का, एवढंच इचारलं व्हतं मी तुमाला."

"माफी मागायची माझी लायकी न्हाई, वहिनी."

"न्हाईच. जिथं जिथं लोक मला हसले, तिथं जाऊन सांगा. आन् माझ्या अनूला सांगा."

तो गेला. दुकानात सांगितलं, एसटीच्या थांब्यावर सांगितलं, डॉक्टरला सांगितलं. खुटबावला अनुपमानं तोंडावर दार लावलं. बंद दाराला त्यानं सगळं सांगितलं आणि परतला. मंडळीतलं वडीलपण त्यानं आपणहून सोडलं. आता तो मागच्या ओळीत बसतो.

मी माझ्या जागी आलो. हौसराव रोज सकाळी येतो. कधी नजर माझ्यापलीकडं गेलीच, तर मोठ्यानं म्हणतो, "प्रभू, गेली बघ. धर मला."

साखरबाई एकदा म्हणाली, "देवानं माफ केलं न्हवं? मग रोज कशाला?"

"माफ केलं म्हनून तर जपतोय."

गेल्या आठवड्यात तुळजाबाई पिशवी घेऊन बांधावर आली. त्या दिवसानंतर वर्षभरात ती त्याच्याशी कामापुरतंही बोलली नव्हती.

"अनू बाळंत झालीय. महिनाभर खुटबावला चाललेय. माझ्या कांद्यावर ध्यान ठेवा."

हौसराव उठून उभा राहिला. "माझ्यावर सोडून जाता, वहिनी?"

"तुमच्यावरच. तुमाला आता तुमची भीती वाटती. तसलं मानूस राखण बरी करतं." ती एसटी गाठायला निघून गेली.

वाचणाऱ्या माणसा, मला इथंच राहायचं आहे, तू पुढं जाशील. तुझी नजर कुठं थबकली, तर त्याच सकाळी सावध हो. आणि उशीर झालाच असेल, तरी हौसरावसारखा परत फिर. आत्ता हौसराव तुळजाबाईच्या वाफ्यात वाकून पाणी देतोय. आधी तिच्या रानाला, मग आपल्या.