पाहुण्यांपुढची विहीर

विहिरीतून टेपचे ओले टोक वर ओढत दुभाषी सुकेशनी म्हणाली, "नऊ फूट पाणी." मग तेच तिने दोन्ही परदेशी पाहुण्यांना इंग्रजीत सांगितले.

त्यांचे सरकार आणि आपले सरकार मिळून बोरीच्या बाजूची बारा गावे निवडणार होते. त्या गावांना पाणी अडवायला बांध, झाडे, पाच वर्षांची सोबत. पण भर मे महिन्यात ज्याची विहीर आटते, तेच गाव यादीत. उंच पाहुण्याने कागदावरच्या या गावाच्या नावावर रेघ मारली.

सरपंच व्यंकटराव विहिरीशेजारी राहणाऱ्या गीताबाईच्या कानाशी वाकला. "काकू, राखली का न्हाई गावाची लाज? पहाटंच दोन टँकर ओतले हिरीत."

"आरं, ते कोरडी हीर बगायलाच आलते की!"

त्याने कागदाकडे पाहिले. ओठांवरचे हसू काढायचे राहूनच गेले. "आता कसं सांगू? दोन सरकारांपुढं खोटा पडतो मी."

गीताबाई लग्न होऊन आली तेव्हा या विहिरीला अक्षय तृतीयेपर्यंत पाणी असायचे. बहात्तरच्या दुष्काळात खोल करताना सुरुंगाने तळ फुटला. तेव्हापासून वरून ओतलेले पाणी दुपारपर्यंतही टिकत नव्हते.

"जेवल्याबिगर जाऊ द्यायचं न्हाई त्यान्ला," ती म्हणाली.

"चारठाण्याला जायचंय म्हणायलेत."

"मी भाकरी टाकायलेय म्हणून सांग."

तिने चूल पेटवली. पीठ मळले, पुन्हा मळले. एक भाकर तव्यावर टाकली की ती दाराशी यायची, विहिरीकडे बघायची, परत जायची. दुसरी भाकर करपली. बाहेर उंच पाहुणा घड्याळ बघत होता.

"मावशी, उशीर होतोय," सुकेशनी आत डोकावली.

"पिठल्याला कढ येऊ दे की बाई. कच्चं घालू का पाहुण्यान्ला?"

ऊन डोक्यावर आले तेव्हा कुठे ताटे झाली. पाहुणे हाताने जेवले, भाकरी मागून घेतली. गीताबाई मात्र एका जागी बसली नाही. शेवटचा घास संपताच तिने बादली उचलून व्यंकटरावासमोर धरली.

"जा, भरून आण हिरीतून."

तो बादली घेऊन उठला. रहाटावरून दोर सुटत गेला, सुटतच गेला, आणि खालून बादलीचा पत्रा कोरड्या दगडावर आपटल्याचा आवाज आला. पाहुण्यांनी माना वळवल्या.

व्यंकटरावाने दोर सोडला नाही. "टँकर मीच ओतले," तो मोठ्याने म्हणाला. "घरी आलेल्या माणसाला कोरडी हीर कशी दाखवावी?"

सुकेशनी गोंधळली. "मावशी, काय सांगू यांना?"

"तो म्हणला तसंच सांग. समदं."

सुकेशनी थांबत थांबत सांगत राहिली. उंच पाहुण्याने हात धुवायला तांब्या उचलला होता. तो त्याने पाणी न सांडता अलगद खाली ठेवला आणि पिठले लागलेली बोटे रुमालाला पुसली.