साधी वडी

फुआतिनोच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, तेव्हा तिचा पहिला संशय ऑक्टोपसवर गेला. नवरा पेसामिनो शनिवारी खडकांतून दोन मोठे ऑक्टोपस धरून आला होता आणि तिने ते मनसोक्त खाल्ले होते. तिने ऑक्टोपस सोडला. पण खाज मनगटांवर चढली, मानेवर लाल चट्टे उठले.

"तिन्हीसांजेला झऱ्यावर केस मोकळे सोडून बसतेस ना?" सासूबाई म्हणाल्या. "भुतानं मानेवर हात ठेवलाय, दुसरं काय!"

भुतावर तिचा अर्धाच विश्वास होता, तरी ती गावातल्या मालिश करणाऱ्या म्हातारीकडे गेली. म्हातारीने मोसोओईच्या फुलांचं सुवासिक तेल मानेला चांगलं जिरवलं. सकाळी मान भाजल्यासारखी झाली.

मग मावशी वारली, म्हणून फुआतिनो बोटीने राजधानीला, आपियाला गेली. दहा दिवस बहिणीकडे राहिली, बहिणीच्याच साबणाने न्हाली. तिथे मयताच्या जेवणात ऑक्टोपसही निमूट खाल्ला आणि अंग मात्र लख्ख झालं! आपल्या सवाई बेटावर परतली, कामाला लागली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आपलं घरच आपल्याला नको झालंय की काय, असं तिच्या मनात येऊन गेलं. नवऱ्याकडेही ती जरा निरखून बघायला लागली.

"माझ्याकडे काय बघतेस? मी काय चावलो तुला?" पेसामिनो म्हणाला. "दवाखान्यात जा."

दवाखान्यातल्या नर्स इयानेताने आपियाच्या दहा दिवसांसकट सगळं ऐकून घेतलं आणि हात उलटसुलट करून पाहिले.

"साबण कुठला लावता, ताई?"

"कुठला म्हणजे? माझाच. अकरा वर्षं करतेय. खोबरेल आणि मोसोओईचा अर्क. आपियाची हॉटेलंसुद्धा नेतात." फुआतिनोचा आवाज चढला. "साबण बाधायचा असता तर पहिल्याच वर्षी नसता बाधला?"

"तसं नसतं. वर्षानुवर्षं चालतं आणि एक दिवस अंगाला सोसेनासं होतं. त्यात वासाची द्रव्यं तर जास्तच बाधतात. आपियाला हा साबण नव्हता ना?"

"नव्हता," फुआतिनोने कबूल केलं. मग म्हणाली, "पण ते तर फूल आहे. फूल कसं बाधेल?"

इयानेताने मलम दिलं आणि सांगितलं, हातांचं बरं झालं की बिनवासाची एक वडी करा. डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला तिचा फेस, उजव्या कोपराला नेहमीच्या वडीचा. दिवसातून दोनदा, आठवडाभर. लावून धुवायचं. उजवीकडे खाजलं तर लगेच थांबायचं.

चौथ्या दिवशी उजवं कोपर लाल झालं. डावं जसंच्या तसं.

रडावं की हसावं, तिला समजेना. अर्क मिसळायचं काम तिने नणंद लोसिवालेकडे सोपवलं. स्वतः हातमोजे घालून फक्त वड्या कापायची. सुवासिक तेल बंद, गळ्यातले फुलांचे हारही बंद. चर्चमध्ये पाळकाच्या बायकोने हार पुढे केला, तेव्हा ती दोन पावलं मागे सरली आणि बाईंचं तोंड एवढंसं झालं. साध्या वडीने न्हाल्यावर तर न्हाल्यासारखंच वाटेना. पण महिन्याभरात मान निवळली.

एका दुपारी सासूबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. इकडेतिकडे बघून त्यांनी पाठीवरचं कापड खाली सरकवलं. खांद्यांमध्ये जुने, खरबरीत चट्टे होते.

"दोन वर्षं झाली खाजतंय. तुझी ती बेचव वडी दे मला एक."

"दोन वर्षं? आणि मला भूत लागलं म्हणत होतात?"

"तुझं भूत होतं. माझं मला वाटलं म्हातारपण."

रागवावं की त्यांना जवळ घ्यावं, फुआतिनोला कळेना. "वडी देते," ती म्हणाली, "पण उद्या आधी इयानेताला पाठ दाखवायची. तुमचं वेगळंच काही निघायचं."

"आणि हात कशाला धरलास?"

"कोपर बघतेय," फुआतिनो म्हणाली.